नंबर चारशे सतरा

जालन्याला, मोंढ्याच्या पाठीमागं, शफी मिस्त्रींच्या दुकानात
ते मशीन मी पहिल्यांदा उघडं पाहिलं.
मिशनच्या दवाखान्यातून आलेलं.
पितळी पट्टीवर ‘विदरली, इंग्लंड’, आणि नंबर: चारशे सतरा.

कंपनी कसली, मिस्त्री म्हणाले, दोन साडू,
लढाईवरून परतलेले.
लिलावात लष्कराच्या मोटारी घेतल्या
आणि बेकरीच्या माडीवर कारखाना टाकला.

तुम्हाला कसं ठाऊक?

त्यांनी तळाचा पत्रा काढला.
मोटारीवर फौजी शिक्का, खोडायचा राहिलेला.
स्क्रू तीन मापांचे, हाती लागले तसे.
सोल्डर मात्र बाईच्या हातचं,
थेंब न् थेंब कुंकवासारखा गोल.

आणि बेकरी?
ती माझ्या पदरची, म्हणाले. साडूसुद्धा.

सदुसष्ट साली पट्टा तुटला,
तेव्हा दवाखान्याच्या कागदावर त्यांनी पत्र धाडलं.
सात महिन्यांनी पाकीट आलं:
कारखाना बंद आहे, जपानी मालापुढं टिकलो नाही.
सोबत एक पट्टा. शेवटचा. बिल नाही.

तो त्यांनी लावलाच नाही.
सायकलची ट्यूब कापून पंधरा वर्षं मशीन चालवलं;
व्होल्टेज उतरलं की नर्सबाईंचा आवाज
कीर्तनकारासारखा जाड व्हायचा,
पेशंट हसायचे, टाके दुखायचे.

परवा काजळाची डबी उघडली.
पट्ट्याचं डांबर झालेलं, बोटाला चिकटलं.
मिस्त्रींनी बोट लुंगीला पुसलं,
पाकीट उजेडात धरलं.

पत्ता अजून वाचता येतो.