तिमिरकेतूचं बालपण

चॅनेलचा फोन आला तेव्हा मी एसटीत, कणकवलीच्या पुढे.
"तिमिरकेतूला बॅकस्टोरी हवी. तीन भाग. मंगळवारपर्यंत.
लोकांना त्याचा राग येतो, पण कळवळा येत नाही."

तिमिरकेतू माझाच. चारशे बारा भागांत
त्याने दोन राज्यं जाळली, एक नदी बाटलीत भरली,
आणि दर शुक्रवारी शेवटच्या मिनिटाला हसला.
का, ते मी ठरवलं नव्हतं.
कुणी विचारलंही नव्हतं.

खिडकीशी वही उघडली.
सावत्र आई. खोडली.
भर दरबारात अपमान. खोडला.
बुडालेली बहीण. ही ठेवली, पुढे प्रश्नचिन्ह,
कारण तिला कुठल्या पाण्यात बुडवायची ते सुचेना
आणि बाहेर खाडी सुरू झाली होती.

रात्री सातेरीची जत्रा.
देवळामागे पेटाऱ्यांच्या आडोशाला
लवू घाडी आरशाच्या तुकड्यात राक्षस होत होता.
दिवसा बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो,
बोटं कायम फुगलेली, पांढुरकी.
त्याच बोटांनी गालांवर इंगूळ,
काजळ भुवईवरून थेट कानापर्यंत.
एकतीस वर्षं राक्षस. राजा एकदाही नाही.

म्हटलं, काका, तुमचा राक्षस असा का वागतो,
लहानपणी काय झालं असेल त्याचं?
त्याने आरशातूनच पाहिलं माझ्याकडे.
"राकसाक बालपण? कित्याक?
तो येता, पाय आपटता, फळी दणाणता.
निजलेली पोरां उठली की झाला त्येचा बारसा."
शेजारी साडी नेसणारा स्त्रीपार्टी खुदकन हसला,
तोंडात टाचण्या धरून.

खरं तर मी दुसरंच विचारत होतो.

मी नऊ वर्षांचा असताना
सोसायटीच्या कर्जातलं आमचं नवं जाळं
सकाळी वाळूवर सापडलं, बावीस ठिकाणी कापलेलं.
सरळ काप. घाई नसलेले.
वाडीत सगळ्यांना माहीत होतं कुणी.
देवळात गाऱ्हाणं घातलं तेही नाव न घेता.
बाबा भांडले नाहीत. पोलिसात गेले नाहीत.
फक्त दर वर्षी जत्रेला यायचे,
पुढच्या रांगेत, गोणपाटावर,
लवू घाडी मरेपर्यंत बसायचे
आणि मेला की उठून चालू लागायचे.
दहीकाल्याला कधी थांबले नाहीत.
शेवटच्या वर्षी दम लागायचा, तरी आले.

त्यांच्या जागेवर आज मी.
पहाटे तीनला पखवाज चढला, झांजा चढल्या,
राक्षस बाकावरून उडी मारून आला
आणि खाज्याचा पुडा छातीशी धरून झोपलेलं एक पोर
किंचाळून आईच्या कुशीत शिरलं.
बारसं झालं.
मग देवाचा बाण, आणि लवूचं ते पडणं,
आधी गुडघे, मग एक हात फळीवर,
आणि मान वळवून, क्षणभरच, पुढच्या रांगेकडे.
ही नजर आख्यानात नव्हती.
बाबांनी ती किती वर्षं पाहिली असेल,
मला माहीत नाही.
उठायला हवं होतं. उठलो नाही.

उजाडताना चहाच्या टपरीवर तो शेजारी येऊन बसला.
कानामागे रंग तसाच.
कप दोन्ही हातांत धरून, पाण्याकडे बघत म्हणाला,
"तुझ्या बापाशीक कधी सांगूक नाय मी.
त्या वर्सा माझी—"

मी म्हटलं, काका, चहा निवतोय.

तो थांबला. प्यायला.
कपाच्या कडेला इंगूळ लागलं,
टपरीवालीने तो कप बाजूला ठेवला, राखेने घासायला.

आता परतीची गाडी. मांडीवर वही.
बहिणीपुढचं प्रश्नचिन्ह अजून तिथेच,
आणि त्याखाली, माझ्याच अक्षरात,
कधी लिहिला ते आठवत नाही, एकच शब्द:
माझी—