बारा चाळीस, दोनदा

हिंगणघाट सोडून कॅनॉल ओलांडला
की डाव्या हाताला जिनिंग.
काट्याशेजारच्या टिनाच्या खोलीत माझा लॅपटॉप,
कीबोर्डच्या फटींत रुईची तुसं.
प्रोग्राम वासनिक सरांनी लिहिलेला. ते आता कॅनडात.
लिहिलेला म्हणजे, थोडा लिहिलेला:
प्रत्येक क्लासच्या कपाळावर वेटोळ्यातला एक ए,
त्याला चिकटून एक शब्द,
खाली नुसती नावं. गाव, गाडी, भरलेलं वजन, रिकामं वजन.
बाकीचं सगळं कंपायलर लिहायचा,
आम्ही चहा पीत असताना,
कोणाला न दाखवता.

मला हे आवडायचं, खोटं कशाला बोलू.
नव्वद ओळींचं काम एका शब्दात.
फाईल उघडली की सारवलेलं अंगण.

मग डिसेंबरात मैनाबाई कोटनाके आल्या.
पदराची गाठ सोडून दोन पावत्या टेबलावर ठेवल्या.
"म्या दोन खेपा आनल्या, मॅडम.
पैसे एकीचेच भेटले."

तोच दिवस, तेच गाव, तोच टेम्पो.
बारा क्विंटल चाळीस.
बारा क्विंटल चाळीस.
असं होतं का कधी?
इस्तारी भोयरांनी खणातून वही काढली.
काटा कॉम्प्युटरवर गेला त्याला सहा वर्षं झाली,
त्यांची वही काही सुटली नाही.
"होते नं. हे पाहा.
एक सकाऊनची, एक दिवे लागल्यावरची."

रात्री शोधत बसले.
त्या एका शब्दाने आमच्या माघारी ठरवून टाकलं होतं:
सगळं सारखं, म्हणजे एकच.
क्रमांक तर छापताना पडायचा, नंतर.
यादी म्हणाली, ही आहे माझ्याकडे,
आणि दुसरी खेप दारातूनच परत.
चूक कुठल्या ओळीत आहे?
ओळच नाही.
सकाळी इस्तारीभाऊंना समजावू पाहिलं.
ते म्हणाले, "दिसतच नाही तं भांडाव कोनाशी?"

दोनशे सात क्लास.
कपाळ पुसते म्हणायला जीभ धजेना,
म्हणून 'काढते' म्हणाले.
लाईन दोन ते पाच जायची,
बॅटरी पुरेल तेवढे क्लास दुपारी, उरलेले रात्री.
मागितलं की देणाऱ्या चार ओळी,
दिलं की ठेवणाऱ्या चार ओळी,
पुन्हा त्याच, पुन्हा त्याच,
बोटं आपोआप चालायला लागली
आणि एका जागी थांबली.
भरलेलं वजन, पावती फाडल्यावरही, कोणालाही बदलता येत होतं.
हे कोणी मागितलं होतं?
कोणीच नाही.
शब्दासोबत आलं, बोंडासोबत काडी यावी तसं.
त्या चार ओळी मी लिहिल्याच नाहीत.
दोनशे सातांतलं सगळ्यात चांगलं काम ते,
आणि ते दिसत नाही.

पुण्याहून शेरा आला: ओळी फार वाढल्या.
हो, म्हटलं. वाढल्या.

शेवटी ती लायब्ररीच यादीतून काढली.
एकेचाळीस चुका.
कुठल्याशा कोपऱ्यात सरकीच्या हिशोबाचा एक क्लास,
वर तसाच वेटोळ्यातला ए, मला विसरलेला,
की मी त्याला.
तोही लिहिला. मग शून्य.
बाहेर प्रेस एकसारखा धडधडत होता,
त्याला यातलं काही नव्हतं.

मैनाबाईंचे राहिलेले पैसे शुक्रवारी दिले.
त्यांनी दोनदा मोजले, दुसऱ्यांदा माझ्याकडे पाहत.

इस्तारीभाऊंना स्क्रीन दाखवली.
चष्मा वर ढकलून ते बराच वेळ खाली खाली जात राहिले.
"एवढं होतं काय त्या एका शब्दात?"
मग काचेवर बोट टेकवून थांबले:
क्रमांक सारखा, तरच पावती एक.
त्यांना इंग्रजी येत नाही,
पण तेवढी ओळ मी मराठीत लिहून ठेवली होती, वरच्या टिपेत.

"आता वही बंद करता ना?" मी विचारलं.
फाटकातून एक टेम्पो आत वळत होता.
त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली,
पान उलटलं,
तारीख टाकली.