जोडून आलेली सुट्टी

शनिवार औरंगपुऱ्यात गेला:
तुझी चप्पल, उसाचा रस,
पाणचक्कीच्या माशांना फुटाणे.

रविवारी नाथसागर.
शेषरावांनी इंजिन बंद केलं.
बेट उन्हाळ्यापुरतंच,
पाणी हटलं की वर येणारं.
"इथं आमचं खळं व्हतं,"
बसचा थांबा दाखवावा तसं म्हणाले.

तू उतरायला पाय उचललास.
"थांबा ताई. खडे न्हाईत ते."

अंडी. ठिपक्यांची, उघड्यावर, कुठंही,
आणि वरून नदीसुरयांचा कालवा,
टाळूवर चोच बसेल इतक्या खाली.
तुझा पाय तसाच अधांतरी,
नव्या चपलेसकट.

आपण उतरलोच नाही.

सोमवारी वाळूजला, कंपनीच्या गेटात
कार्ड लावलं
आणि खाली बघून पाऊल टाकलं.
फरशीच होती.
मागचा म्हणाला, चला की भाऊ.