बेचिराख

तहसील कचेरीतल्या जुन्या नोंदवहीत
खारशेताच्या पुढे एकच शब्द आहे: बेचिराख.
क्षेत्र एकशे बारा हेक्टर, पैकी खाजण एकवीस,
आणि लोकसंख्येच्या रकान्यात एक आडवी रेघ,
कुणीतरी पट्टी लावून ओढलेली.

मी प्रगणक. एरवी वडशिवण्याच्या शाळेत
तिसरी-चौथीला गणित शिकवतो.
माझ्या यादीत खारशेत नव्हतंच,
‘वडशिवणे, उर्वरित भाग’ एवढंच होतं.
तरीतून उतरत होतो तर मशेरी लावत एक बाई ओरडली,
“मास्तर, उर्वरित ना? हिकडंच या.”

तर उर्वरितात घरं त्रेचाळीस. पैकी कुलपं सतरा.
चौकटींवर आकडे घालत गेलो,
शाळेतला उरलेला खडू.
दाऊदभाई मजगावकर जाळं विणत होते, मान वर न करता म्हणाले,
मुलगा ट्रॉलरवर आहे,
मोजणीच्या रात्री तो कुठल्या गावात धरणार?
मी सूचनापुस्तिका चाळली.
पुस्तिकेत मला समुद्र सापडला नाही.

लक्षुमी गोताडने माणसं सहा सांगितली.
दारात तीन.
उरलेली नालासोपाऱ्याला, नऊ वर्षं.
“पन गणपतीत सहा ताटं घासतंय मी.”
ताटांना रकाना नाही, मी म्हटलं, आणि तीन खोडली.
ती पेनाकडे बघत नव्हती.

रेघेची गोष्ट भागोजी आग्र्यांनी सांगितली,
वय शहाऐंशी, आधार कार्डावर एकोणऐंशी.
त्यांच्या बापाच्या वेळी मोजणीवाला आला तो ऐन शिमग्यात.
“आमी समदी वडशिवण्यात, पालखी नाचवायला.
म्हातारी, पोरं, बाळंतीण पन डोलीत घातलेली.
त्यो हितं आला काळोखाचा. यक दिवा न्हाय.
यक कुत्रा व्हता, त्यानं भुकून सांगितलान,
पर त्याची साक्ष कोन लिवनार?”
सकाळी गुलालात माखून गाव घरी आलं,
तोवर गाव नव्हतं.

(चिराख म्हणजे दिवा. हे मी नंतर कोशात बघितलं.)

तेव्हापासून साकव खारशेताच्या गरजेने मंजूर होतो
आणि वडशिवण्यात बांधला जातो.
दाखल्यावर जन्म वडशिवण्याचा, मरण वडशिवण्याचं,
मधलं तेवढं इथे.

भागोजींची नात, सुप्रिया, बी.कॉम.,
तिच्याकडे एक फाईल आहे, सुतळीने बांधलेली:
स्वतंत्र महसुली गावाचा प्रस्ताव.
ग्रामसभेचा ठराव, हातनकाशा, त्रुटी, पूर्तता, पुन्हा त्रुटी.
साहेब म्हणाले, गाव बेचिराख आहे, आधी वस्ती सिद्ध करा.
तिने विजेची बिलं जोडली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.
कुलूपवाले पण भरतात, मास्तर, मीटर काढत नाहीत.
साहेबांनी एकेक उलटून पाहिलं, बिलं खरी होती,
पत्ता वडशिवण्याचा होता.

हे सांगताना ती हसली, आणि मला
कोकमाचं सरबत दिलं,
आणि विचारलं, तुम्ही शिकवता ना,
शून्यातून शून्य गेलं तर हातचा राहतो का?

संध्याकाळी खाजणाच्या बांधावर बसून बेरीज केली.
पुरुष अडतीस, बाया एकोणसाठ.
पोरांना सांगतो तशी वरून खाली, मग खालून वर.
सत्त्याण्णव.
सत्त्याण्णव माणसं मी उर्वरितात लिहिली
कारण दुसरी जागा नव्हती.
शेऱ्याचा रकाना अर्ध्या बोटाएवढा. त्यात
बारीक अक्षरात लिहिलं: खारशेत. दिवे लागले होते.
पर्यवेक्षक खोडतील.
खोडू देत, पट्टी आणावी लागेल त्यांना.

तर सुटली तेव्हा खाडीत भरती चढत होती.
काठावर एक कुत्रं आलं आणि
माझ्या दिशेने भुंकत राहिलं, बराच वेळ,
पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत ऐकू येत होतं.