ओळ बदलण्याआधी

विश्रामबागेत, भडंगाच्या दुकानावरच्या खोलीत
मी एका अवजाराची माहिती लिहिते आहे.
अवजाराचं काम एवढंच:
तक्त्यातली ओळ शोधायची, तिच्यातला रकाना बदलायचा.
वापरणारा माणूस नाही. एजंट.

हा शब्द ऐकून उपाध्ये अण्णा हसले होते.
मार्केट यार्डात चाळीस वर्षं हळदीच्या अडतीवर मुनीम;
एजंट म्हटलं की त्यांना आठवतात
विम्याचे, बियाण्यांचे, सोयरीक जुळवणारे.
"पान खातो का तुझा?"
नाही अण्णा, वाचतो फक्त.
मी लिहीन ते वाचतो आणि तसंच करतो.
"मग अवघड आहे," म्हणाले,
आणि या वेळी हसले नाहीत.

पहिलंच वाक्य अडलं.
ओळीचा क्रमांक दे. ओळीचा क्रमांक द्या.
ओळीचा क्रमांक देण्यात यावा.
ज्याला वय नाही, गाव नाही,
त्याला अरे म्हणू की अहो?
मिरजेहून येणारा सोहेल म्हणाला, इंग्रजीत ही भानगडच नाही.
दुपारभर 'द्या' ठेवलं. संध्याकाळी 'दे' केलं.
का, ते सांगता येणार नाही.
दिवसभर बोलत होते ना त्याच्याशी.

मग तो मंगळवार.
चाचणीच्या तक्त्यात चारशे बारा ओळी,
अण्णांच्याच वहीवरून उतरवलेल्या:
हरिपूरची पेवं, एकेकाला नंबर,
कुणाची किती पोती, तोंड कधी लिंपलं.
एजंटाला सांगितलं, बिरनाळ्यांचा माल उचलला,
तशी नोंद कर.
त्यानं केली.
कुठल्या ओळीत, ही अट द्यायची राहिली होती;
माझ्या मजकुरात अट 'ऐच्छिक' होती.
पापणी लवायच्या आत
चारशे बारा पेवं रिकामी.
हमाल नाहीत, बैलगाडी नाही,
हाताला लागलेला पिवळा रंग नाही.
उत्तर तेवढं आलं, नम्र:
काम यशस्वी झाले.

सोहेलनं कालची प्रत परत आणली. दहा मिनिटं.
अण्णांना सांगायला नको होतं, सांगितलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत खिशातच ठेवला.
"खोडायचं नसतं गं.
आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.
बाजूला सही, तारीख.
आणि पेवात उतरायच्या आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला, तर माणूस उतरवायचा नाही.
कितीबी घाई असू दे व्यापाऱ्याला."

रात्री 'ऐच्छिक' काढलं.
लिहिलं:
ओळखीशिवाय ओळ बदलू नकोस.
आधी वाच.
होतं काय आणि करणार काय, दोन्ही सांग.
किती ओळी बदलतील ते आकड्यात सांग;
एकीपेक्षा जास्त निघाल्या तर थांब, विचार.
जुनं राहू दे, वाचता येईल असं.
न दिलेला रकाना आहे तसा राहील.
मोकळा दिलेला रकाना मोकळा होईल.

ही शेवटची दोन वाक्यं मी तीनदा वाचली.
शेजारीशेजारी ठेवली की जुळी वाटतात.
पण एकीत कुणी बोललेलंच नसतं,
आणि दुसरीत कुणीतरी बोलून घर रिकामं केलेलं असतं.
हे असं लिहिता येत नाही माहितीपत्रकात.

उदाहरणाला एक खरी ओळ हवी होती.
वही चाळली.
पेव सत्तावन्न: मालकाच्या रकान्यात नाव नाही,
फक्त पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, 'येणार आहेत'.
कोण, ते अण्णांना आठवत नाही.
किंवा आठवतं.
भरलं नाही त्यांनी, आणि खोडलंही नाही.
सोहेल म्हणाला, हे घे, मस्त उदाहरण आहे,
रिकाम्या रकान्यात नाव कसं घालायचं त्याचं.

मी अठ्ठावन्न घेतलं.