सन्मानफलक

सिस्टर स्कोलास्टिकांनी यादी पाठवलीय,
दहावीत पहिले आलेले, शाळा सुरू झाल्यापासूनचे.
सागवानी फळी, पिवळा रंग, दोन नंबरचा ब्रश.

वैजापूरच्या या शाळेत
फळ्यावर माझं नाव कधी लागलं नाही,
फळा मात्र मीच लिहायचो.
"शालमोन, अक्षर बघ तुझं, अन् गणित बघ,"
म्हणत सिस्टर खडू हातात द्यायच्या.

पाखरे रूथ बाबूराव.
शेख नजमा.
त्रिभुवन याकोब, ज्याचा डबा आम्ही
तिसऱ्या तासालाच संपवायचो,
अन् त्याला ते मधल्या सुट्टीतच कळायचं.

यादीत खो-खो नाही.

लातूरला, मुरमाच्या मैदानावर, अनवाणी
लेआ मोकासे साडेसहा मिनिटं पळत राहिली.
अंगठ्याचं नख गेलं, ती गेली नाही.
रविवारी मिस्सात, प्रवचनाच्या मधेच
फादरांनी चष्मा काढून गुण सांगितले,
अन् देवळात टाळ्या वाजल्या,
नजमाची अम्मी दाराबाहेर चपलांपाशी उभी होती,
तिनंही वाजवल्या.
लेआ इंग्रजीत गेली. सात मार्कांनी.
पुढं कुणी विचारलं नाही.

खाली उजव्या कोपऱ्यात
पेंटर आपलं नाव टाकतो, बारीक.
तेवढी जागा माझी, तिचे पैसे लागत नाहीत.
तिथं लिहिलं:
लेआ, साडेसहा मिनिटं.

रंग सकाळपर्यंत वाळेल.
सिस्टर दहाला येतात.