शंभराला एक

सन्मती चौगुल्यांच्या ऑफिसात एसी होता
आणि भिंतीएवढ्या टीव्हीत आमचं घर.
पाया अजून खणला नव्हता, पण सोफ्यावर उशा होत्या,
गॅलरीबाहेर फुललेला गुलमोहोर.
कळंब्यातल्या आमच्या अडीच गुंठ्यांत
बाभळीचं एक खोड आहे, तेवढंच.

"ड्रॉइंगपासून चावीपर्यंत सगळं आमच्याकडं.
फुटाला बावीसशे. एकच माणूस, एकच फोन.
तुम्ही फक्त वास्तुशांतीचे पेढे आणायचे, काका."
मला पटत होतं.
सेकंड शिफ्ट करून आलेल्या माणसाला
एकच फोन लई बरा वाटतो.

विजयमालानं विचारलं, ओटा किती उंच?
"तेहतीस इंच, वहिनी. स्टँडर्ड."
ती गप्प बसली.
ती चार फूट नऊ इंच.
बावीस वर्षं, चार भाड्याच्या घरांत,
पाटावर उभी राहून भाकरी थापत आली.

इंगवले बाई स्कूटरवरून प्लॉटवर आल्या.
बाटलीतलं पाणी मातीत ओतलं
आणि घड्याळ बघत बसल्या, किती वेळात मुरतंय.
"काळी आहे. पायात पैसे जातील."
मग विचारलं, एकोणीसला पाणी कुठवर होतं?
इथं नाही, शाहूपुरीत, म्हणालो मी.
विजयमालानं हनुवटीला हात लावून दाखवला.
बाईंनी वहीत लिहून घेतलं.

"सहा टक्के माझे. बांधणारा वेगळा शोधायचा.
त्याचं माझं भांडण होणार, हे धरून चाला."

साडू म्हणाला, कागदाला सहा टक्के?
तेवढ्यात जिन्याला ग्रॅनाइट येतंय की, भावा.

मी पॅटर्नमेकर, शिरोलीच्या फौंड्रीत.
लाकडात भाग घडवताना
शंभर मिलिमीटरला एक जास्त धरतो,
लोखंड निवताना आकसतं म्हणून.
ओतून झाल्यावर तो एक
शोधूनही सापडत नाही कुणाला.
पगार त्याचाच मिळतो मला.

आमच्याकडंही सगळं एकाच छपराखाली,
पॅटर्न, साचा, ओतकाम, तपासणी.
गेल्या मार्चात कोअर बॉक्स झिजला होता.
मला माहीत होतं. तपासणीतल्या दस्तगीरला माहीत होतं.
गेटवर ट्रक उभा.
शेठ म्हणाले, जाऊ दे रे, आपलंच आहे.
चारशे नग गेले,
एका बाजूची भिंत दीड मिलिमीटरनं बारीक.
दस्तगीरनं शिक्का मारला, मी शाईचा डबा धरला.
कुणाचा पंप कुठं फुटला, फुटला की नाही,
कळलं नाही.
त्या दुपारी आम्ही दोघांनी
डबे वेगवेगळे खाल्ले.

रविवारी चौगुल्यांना फोन लावला.
कॉलममधली सळई मोजणार कोण?
"आमचाच इंजिनिअर. आपलंच आहे, काका."
पोरगा वाईट नाही.
त्यानं बांधलेली दोन घरं बघून आलोय,
पावसात गेलो होतो मुद्दाम. गळत नाहीत.
तरी फोन ठेवला तेव्हा
बोटांना शाई लागल्यासारखं वाटलं.

रात्री वीजबिलाच्या पाठीवर हिशोब.
विजयमालानं ग्रॅनाइटवर काट मारली,
मग सागवानी दारावर,
मग पेन थांबलं.
"ते दोघं भांडणार. आणि आपण?"
आपण मधे.
"मग झोपायचं कधी?"
याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

तीच उठली, पाट पायानं बाजूला सारला
आणि भिंतीला टेकून उभी राहिली, हात कोपरात दुमडून.
मी कानावरची पेन्सिल काढली.
"तिथं नको, अजून खाली धर.
म्हातारपणी मी पण आकसणार.
लोखंडच आकसतंय होय?"

मालकाच्या भिंतीवर आता दोन रेघा आहेत,
वरची पुराची, खालची तिची.
मालक बोंबलणार आहे.
सकाळी सातच्या आत बाईंना फोन केला,
आधी तेवढाच आकडा सांगितला:
एकोणतीस.